सेक्टर चारचं लाकूड

शिमग्याचं लाकूड मागून आणायचं नसतं, ते चोरायचं असतं. मागून आणलेल्या लाकडाचीही होळी पेटते, पण तिला चव नसते, असं राजाभाऊ म्हणायचे. आणि हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकून जायचं, की वृंदा हातातलं काम टाकून आधी आपलं पोळपाट जागेवर आहे ना, ते बघून यायची.

वृंदा ही राजाभाऊंची सून. दोन वर्षांपूर्वी करोल बागेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून ही सगळी मंडळी गाझियाबादला, केंद्र सरकारी नोकरांच्या नव्या सोसायटीत राहायला आली होती. राजाभाऊ, त्यांचा मुलगा आशय, वृंदा आणि पाच वर्षांची अवनी. सोसायटीच्या रंगीत माहितीपत्रकात ‘लेक व्ह्यू’ असं छापलं होतं. लेक म्हणजे शेजारच्या बिल्डरने तळघरासाठी खणलेला आणि मग पैसे संपल्यामुळे तसाच सोडून दिलेला खड्डा. त्यात जमिनीतून पाणी झिरपून तो बारमाही भरलेला असे आणि बहुतेक वेळ त्यात दोन म्हशी बसलेल्या असत. खड्ड्यापलीकडे मोकळं मैदान, मैदानापलीकडे सेक्टर चारच्या इमारती. या व्ह्यूसाठी आशयने भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढलं होतं, पण म्हशींना बघून अवनी जेवते हे लक्षात आल्यापासून वृंदाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

राजाभाऊंची कुरकुर मात्र एका गोष्टीवरून चालूच होती. इथे होळी नव्हती. म्हणजे सोसायटीची होती, फाटकापाशी, रात्री पंडितजींनी काढलेल्या मुहूर्तावर. “तिथं लोक होळीकडे पाठ करून कांजीवडे खातात,” राजाभाऊ म्हणायचे. “बोंब नाही, नैवेद्य नाही, चोरी नाही. त्यापेक्षा शेकोटी म्हणा ना सरळ.”

अवनीला बोंब माहीतच नव्हती. तिच्या दृष्टीने होळी म्हणजे पिचकारी, आणि तीही दुसऱ्या दिवशी. राजाभाऊंनी तिला समोर उभं केलं, पालथी मूठ तोंडावर कशी आपटायची ते दाखवलं आणि म्हणाले, “आता ओरड.”

अवनीने डॉक्टरांना घसा दाखवल्यासारखा आवाज काढला.

“अगं, अशानं मुंगीसुद्धा वळून बघायची नाही. तुझा बाप पाच वर्षांचा असताना करोल बागेत बोंब मारायचा, तर समोरचा सरदारजी दुकानाचं शटर ओढून घ्यायचा.”

“बाबा?” अवनीचा विश्वास बसला नाही. तिचा बाबा तर फोनवरसुद्धा हळू बोलायचा.

राजाभाऊंनी मग सोसायटीचे अध्यक्ष भाटियाजी यांच्या घरी सलग चार संध्याकाळ जाऊन चहा प्यायला. पाचव्या दिवशी भाटियाजींनी परवानगी दिली. पंपहाऊसच्या मागच्या मोकळ्या जागेत, सूर्यास्ताच्या आत, मराठी लोकांनी आपली काय ती होळी करून घ्यावी. फक्त पाचवा चहा नको.

आता आशयबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशी खरी परीक्षा त्याची होती.

आशय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तीन उन्हाळ्यांपूर्वी साहेबांबरोबर कुमाऊँच्या दौऱ्यावर गेला होता. अल्मोड्याच्या वर कुठल्याशा गावात त्याने चिरपाइनचं जंगल जळताना पाहिलं. गावातल्या बायका ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होत्या. त्यातल्या एकीच्या पाठीला झोळीत मूल होतं. तिने आशयला विचारलं, “दिल्लीहून आलात? पाणी आणलंत?” इतकंच. परत आल्यावर त्याने हे वृंदाला सांगितलं तेव्हा अवनी दोन वर्षांची होती आणि वृंदाच्या मांडीवर झोपली होती. वृंदाने मुलीच्या अंगावरची चादर उगाचच नीट केली होती.

तेव्हापासून आशयची एक फाईल चालू होती. हेलिकॉप्टरखाली दोरीने लटकवायची एक मोठी बादली. तळ्यात बुडवायची, भरून न्यायची, आगीवर नेऊन उपडी करायची. बाहेरच्या देशांत हे सर्रास चालतं. पण फाईलला पाय नव्हते. एका विभागाने विचारलं, बादली इथेच पत्र्याची बनवून घेता येणार नाही का? दुसऱ्याने विचारलं, एका आगीला किती बादल्या लागतात, याचा काही नियम आहे का? तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, फक्त आठ महिने फाईल ठेवून घेतली. शेवटी, बाजार खुला झाल्यावर भारतात गिऱ्हाईक शोधत आलेल्या एका परदेशी कंपनीने ती बादली फुकट दाखवायची तयारी दर्शवली. एक खाजगी हेलिकॉप्टर एका दुपारपुरतं मिळालं. उडायच्या परवानगीला सात महिने गेले. जागा आशयनेच सुचवली, आपल्या खिडकीतून दिसणारी. पाणी घ्यायला म्हशींचा खड्डा, आग लावायला मैदान.

माथूरसाहेब, म्हणजे आशयचे वरिष्ठ, त्यांनी एकाच वाक्यात निकाल देऊन ठेवला होता. “दिखा दो भई. बुझ गई तो फाइल ऊपर, नहीं बुझी तो रिकॉर्ड रूम.”

आशयने मग आगीचीही तयारी सरकारी पद्धतीनेच केली. चाळीस सुके ओंडके मागवले. सरकारी लाकूड, म्हणजे त्याला नंबर हवा. रविवारी सकाळी त्याने वृंदाच्या तुपाच्या जुन्या डब्यात लाल रंग कालवला आणि बरोबर घेऊन गेला. प्रत्येक ओंडक्यावर स्वतः आकडा घातला. त्यावर गवत रचून तो परत आला तेव्हा त्याच्या नाकावर लाल ठिपका होता, तो पुसताना वृंदाला तो खूप दिवसांनी हसताना दिसला. खरं तर हसला नव्हता, तिच्या बोटाने गुदगुल्या झाल्या होत्या. पण तेवढंही तिला पुरलं.

सोमवारी सकाळी तो निघाला, तेव्हा राजाभाऊ दारातच पेपर वाचत बसले होते.

“आज होळी आहे,” ते म्हणाले.

“होळी उद्या आहे, भाऊ. सुट्टी उद्या आहे.”

“सुट्टी उद्या आहे. होळी आज आहे.”

“माझा डेमो आज आहे,” आशय म्हणाला. त्याच्या एका पायात निळा मोजा होता आणि एका पायात काळा.

“कुठे आहे तो?”

“इथंच, पलीकडे.” आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. पलीकडे म्हणजे खड्ड्यापलीकडे की मैदानापलीकडे, ते राजाभाऊंनी विचारलं नाही आणि आशयने सांगितलं नाही. बाप-लेकांचं बोलणं पहिल्यापासून असंच, तारेच्या भावात.

दुपारी वृंदा पुरण वाटत होती. शेजारच्या चंद्रप्रभाबाई पोळ्या लाटायला आल्या होत्या. बाई पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यामुळे त्यांची पोळीसुद्धा कंपासने काढल्यासारखी, आणि वृंदाच्या पोळीला त्या मनातल्या मनात दहापैकी किती देतायत ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

“तुझे सासरे कुठे गेले?”

“फिरायला. दिलीपकाकांच्या व्हॅनमधून. अवनीला घेऊन.”

“या उन्हात?” बाईंनी लाटणं थांबवलं. मग पुन्हा चालू केलं. “नको, मला काही सांगू नकोस. मी आज साक्षीदार व्हायला आलेली नाही.”

दिलीप उजागरे रेल्वे बोर्डात होते, मूळचे अहमदनगरचे. दर रविवारी न चुकता चर्चला जात आणि दर शिमग्याला न चुकता राजाभाऊंबरोबर. “धर्म आपापल्या जागी, बोंब सगळ्यांची,” असं ते म्हणत. त्यांची मारुती व्हॅन त्या दुपारी पंपहाऊसच्या मागे तीनदा आली आणि तीनदा गेली, एवढं वृंदाला खिडकीतून दिसलं.

चार वाजता अवनी घरात आली. केसांत गवत, गुडघ्यावर ओरखडा, ओठ घट्ट मिटलेले.

“आई, मी कुठे गेले नव्हते.”

“बरं.”

“आजोबांनी सांगितलंय, कोणी पूछलं नाही तर सांगायचं नाही.” ती थोडा वेळ एका पायावर उभी राहिली. “तू पूछणार आहेस?”

“नाही.”

“अच्छा,” अवनी म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका पडला की वृंदाने तिला जवळ ओढून तिच्या तोंडात पुरणाचा गोळा कोंबला. गुपितापेक्षा पुरण मोठं, म्हणून तोंड पुन्हा उघडेपर्यंत विषय मिटला.

पाचला सगळे पंपहाऊसच्या मागे जमले. सोसायटीतली अकरा मराठी घरं, शिवाय नुसतं बघायला आलेली पंजाबी आणि बंगाली पोरं. राजाभाऊंनी होळी अशी रचली होती की बघत राहावं. मध्ये एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या, त्याभोवती जाडजूड सुके ओंडके, एकावर एक, हवेला वाट ठेवून. पूजा झाली, कापूर ठेवला आणि होळी जी पेटली, ती धूर न करता, सरळ, पिवळीधमक.

मग बोंब. दिलीपकाकांनी सुरुवात केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावर बसलेली सगळी कबुतरं उडाली. हे तिथलं मोजमापच झालं. पोरांनी प्रयत्न केले, एक कबूतर हलेना. चंद्रप्रभाबाईंनी पोरांना रांगेत उभं करून मूठ कशी धरायची ते दुरुस्त करायला घेतलं. “पालथी, पालथी. हात तुटलाय का? पोटातून आवाज. बेटा, तुम भी पेट से.”

वृंदा नैवेद्याचं ताट घेऊन पुढे झाली. पोळी होळीत टाकायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

समोरच्या ओंडक्यावर लाल रंगात सात लिहिलं होतं. साताच्या पोटातून आडवी रेघ. असा सात जगात कितीतरी लोक काढत असतील, पण या गाझियाबादेत तो एकच माणूस काढायचा आणि त्याच्या नाकावरचा रंग तिने काल पुसला होता. शेजारी बारा होता. त्याच्यावर एकतीस, अर्धा जळलेला.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “हे लाकूड कुठून आणलंत?”

राजाभाऊ तिच्या कानाशी आले. चेहरा नुसता फुललेला. “सेक्टर चारवाल्यांचं. मैदानात होळी रचून ठेवली होती आणि राखणीचा माणूस जेवायला गेलेला. असं लाकूड मी आयुष्यात चोरलं नाही, वृंदा. आणि चोरी कळणारसुद्धा नाही. आत विटा रचल्या, वर गवत होतं तसं घातलं. विटांची आयडिया अवनीची.”

“सेक्टर चारची होळी त्यांच्या फाटकापाशी आहे. सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा पाहिली.”

“मग हे कोणाचं?”

“तुमच्या मुलाचं.”

राजाभाऊंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सातकडे. साताची ती रेघ त्यांनी ओळखली. लहानपणी त्या रेघेवरून त्यांनीच आशयला एकदा रागावलं होतं. ते शेजारच्या विटांच्या ढिगावर बसले. फुललेला चेहरा टाचणी लागलेल्या फुग्यासारखा झाला आणि एकदम तो सत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा झाला.

“तो पलीकडे म्हणाला होता,” ते म्हणाले. “मला वाटलं, मैदानाच्या पलीकडे.”

वृंदाने मैदानाकडे पाहिलं. लांब एक शामियाना, तीन पांढऱ्या अँबॅसॅडर, समोर गवताचा ढीग. ढिगातून धुराची एक बारीक दोरी निघाली, वर गेली आणि तुटली. माणसं डबे घेऊन धावली. भडका उडाला, मिनिटभरात बसला. रात्री दोन थेंब पडून गेले होते, गवत ओलं, आणि आत चाळीस ओंडक्यांच्या जागी विटा. विटा कशा पेटणार. शामियान्यापुढे एक बारीक आकृती कधी ढिगाकडे, कधी घड्याळाकडे बघत होती. इतक्या लांबून मोजे दिसत नव्हते, पण वृंदाला दिसले.

आणि तेवढ्यात खड्ड्यावर घरघर सुरू झाली. म्हशी उठून, तक्रार केल्यासारख्या, काठावर गेल्या. हेलिकॉप्टर खाली आलं. त्याच्याखाली लांब दोरीला नारिंगी रंगाची बादली, एखाद्या राक्षसाने उलटी धरलेली छत्री असावी तशी. ती पाण्यात कलंडली, भरली आणि वर उचलली गेली. खालून पाणी गळत होतं, उन्हात ते काचेसारखं चमकत होतं. पोरं बोंब विसरून वर बघायला लागली.

“हत्तीचा मग,” अवनी म्हणाली.

हेलिकॉप्टर मैदानावर गेलं आणि घिरट्या घालायला लागलं. पाणी आहे, आग नाही. सूर्य सेक्टर चारच्या टाक्यांवर टेकला होता.

“परत नेऊन देऊ या?” राजाभाऊ उठत म्हणाले. “दिलीप, गाडी काढ.”

“पेटलेलं लाकूड?” दिलीपकाका म्हणाले. “मारुती आहे, राजाभाऊ. बंब नाही.”

वृंदाच्या डोक्यात आशयचा आवाज चालू होता. तीन वर्षं जेवताना तिने ऐकलेला, वरण वाढता वाढता, अवनीला घास भरवता भरवता. वैमानिकाला ज्वाळा दिसत नाही गं, धूर दिसतो. तो धुरावर येतो. तिला तेव्हा वाटायचं, आपण ऐकतच नाही आहोत.

सुक्या लाकडाला धूर नव्हता. पंपहाऊसच्या भिंतीशी माळ्याने सकाळीच छाटलेल्या निलगिरीच्या हिरव्यागार फांद्या पडल्या होत्या आणि गळक्या पाइपाला गुंडाळलेली भिजकी पोती. तिने पदर खोचला आणि पहिली फांदी ओढत आणली.

“काय करतेस?” राजाभाऊ म्हणाले.

“तुमच्या मुलाला आग पाहिजे. आपल्याकडे आहे.”

राजाभाऊंना समजायला तेवढाच वेळ लागला, जेवढा डोळ्यांत पुन्हा ती चमक यायला लागतो. मग एकदम ती विझली. “पण होळी अशी विझवायची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध-पाण्यानं शांत करायची असते. दोन वर्षांनी पेटलीय, वृंदा.”

“माहितीय, भाऊ.”

मग चंद्रप्रभाबाई पुढे आल्या. नैवेद्याच्या ताटातली दुधाची वाटी त्यांनी उचलली, होळीभोवती धार धरली आणि हात पुसले. “दूध झालं. आता पाणी कुठूनही येऊ दे. आणि दुसरा दिवस म्हणाल, तर पंचांगाचं मी बघून घेते.”

त्यानंतर जी धावपळ झाली ती सांगण्यासारखी. पाच पंजाबी पोरं, दोन बंगाली, एक निवृत्त शिक्षिका आणि राजाभाऊ, सगळे फांद्या ओढतायत. दिलीपकाकांनी पोती टाकली. होळी आधी गुदमरली, मग खोकली, आणि मग तिने असा पांढरा, जाड, सरळ वर चढणारा धूर सोडला, की चौथ्या मजल्यावरच्या भाटियाजींनी दोरीवरचे कपडे आत ओढले. वृंदाने सगळ्यांना पंपहाऊसच्या पलीकडे, पार सायकलस्टँडच्या भिंतीआड नेऊन बसवलं, डोकी मोजली, पुन्हा मोजली. अवनीला पायांच्या मध्ये घट्ट धरलं. मग तिला चंद्रप्रभाबाईंकडे देऊन, एकटी थोडी पुढे होऊन तिने पुरणपोळीच्या डब्याचं झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि हलवायला लागली. मावळतीचं ऊन झाकणावर लखलखलं.

तिकडे शामियान्यात काय झालं, ते तिला नंतर कळलं. वायरलेसवर वैमानिकाने आशयला विचारलं, “सर, आपकी वाली तो बुझ गई. पीछे एक और जल रही है, बड़ी वाली. एक मैडम थाली दिखा रही हैं. बाकी सब लोग दूर बैठे हैं. कौन सी बुझाऊँ?” आशयने वळून आपल्या सोसायटीकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा वरून मंजुरी न घेता तो म्हणाला, “बड़ी वाली.”

हेलिकॉप्टर वळलं. एक फेरी घेऊन त्याने नीट बघून घेतलं. वृंदा धावत भिंतीआड आली आणि तिने झाकण डब्यावर घट्ट दाबलं. झाडं वाकली, कोणाची तरी टोपी उडाली, सगळ्यांनी डोळे मिटले. फक्त अवनीने उघडे ठेवले, म्हणून पुढचं तिच्याकडूनच कळलं. “मगचं बूड खुललं आणि सगळं पाणी एकदम गिरलं, आई. असं. धप्प.”

हजार लिटर पाणी. होळी एकदाच मोठ्याने फुस्स म्हणाली आणि संपली. भिंतीआड असूनही सगळे नखशिखांत भिजले. अंगाला शेवाळाचा आणि म्हशींचा वास. नैवेद्याचं ताट जागेवरच होतं. त्यातल्या पुरणपोळीवर बोटभर लांबीचा एक जिवंत मासा उड्या मारत होता.

“बघा,” चंद्रप्रभाबाई पदर पिळत म्हणाल्या, “नैवेद्य पोचला.”

अवनी मासा ओंजळीत घेऊन खड्ड्याकडे पळाली आणि दिलीपकाका तिच्यामागे.

आशय मैदानातून सरळ चिखल तुडवत पळत आला. मोटारींना रस्त्याने वळसा घालून यायचं होतं. त्याने आधी खड्ड्यावरून परतलेल्या अवनीला उचललं, तिचे हातपाय चाचपले, वृंदाकडे पाहिलं. वृंदाच्या केसांत पाणवनस्पती लोंबत होती. मग त्याची नजर होळीवर गेली. भिजलेला, अर्धवट जळलेला, पण आकडा शाबूत असलेला सात.

त्याने सात बघितला. वडिलांकडे बघितलं. राजाभाऊ आकाशात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे वर बघत होते.

काही बोलायच्या आत अँबॅसॅडर आल्या. माथूरसाहेब उतरले, पाठोपाठ कमिटीतली माणसं, शेवटी शामियान्यातला चहावाला. साहेबांनी विझलेल्या होळीभोवती एक फेरी मारली. बुटाच्या टोकाने राख उलटी करून पाहिली. एक निखारा उरला नव्हता.

“यह आग किसकी थी?”

“हमारी होली थी, सर,” वृंदा म्हणाली.

“और आपने बुझाने दी?”

“हमारे यहाँ होली दूध-पानी से ठंडी करते हैं. दूध हमने डाल दिया था,” वृंदा म्हणाली. “पानी की दिक्कत थी.”

माथूरसाहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसतायत हे कमिटीला उशिरा कळलं, मग कमिटीही हसली. “भई, हम तो सजाई हुई आग दिखा रहे थे. जंगल की आग नंबर लगाकर थोड़े ही लगती है. असली टेस्ट तो यह हुआ.” मग ते आशयकडे वळले. “लेकिन वह सरकारी लकड़ी क्यों नहीं जली?”

आशय दोन पावलं पुढे सरकला. त्याचा बूट अगदी सहज सातवर जाऊन बसला.

“गीली थी, सर.”

“सरकारी है, जलने में टाइम लेगी.” साहेबांनी वृंदाच्या डब्यातून पुरणपोळी घेतली, घास खाल्ला, दुसरी घेतली. “रिपोर्ट में आग का कारण भी लिखना पड़ेगा.”

“मानवनिर्मित, सर,” आशय म्हणाला. फॉर्ममध्ये तीनच रकाने होते, त्याला पाठ होते.

“मानवनिर्मित काय,” राजाभाऊ मराठीत पुटपुटले, “विधिपूर्वक लिही.”

“परसों फाइल लेकर आओ,” साहेब मोटारीत बसता बसता म्हणाले. “ऊपर भेजते हैं. कल नहीं, कल होली है.”

मोटारी फाटकाबाहेर वळेपर्यंत आशय सातवरून हलला नाही. मग त्याने बूट उचलला.

“भाऊ.”

“बोल.”

“चाळीस होते. इथं अठ्ठावीसच दिसतायत.”

राजाभाऊंनी घसा खाकरला. “बाकीचे गच्चीवर आहेत. म्हटलं, पुढच्या वर्षी कुठं चोरत बसायचं. वय झालं आता.”

आशय खाली बसला, ओल्या मातीतच. वृंदाला आधी वाटलं, तो रडतोय. खांदे हलत होते. ती पुढे झाली, आणि तिने पाहिलं की त्याच्या पायांत अजून तोच एक निळा आणि एक काळा मोजा होता, आणि तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो.

“बाबा,” अवनी त्याच्या कोपराला धरून म्हणाली, “आजोबा म्हणतात तुला बोंब येते. झूठ आहे ना?”

आशयने एकदा इकडेतिकडे पाहिलं. टाय सैल केला. मूठ पालथी करून तोंडापाशी नेली आणि थांबला. वृंदाला वाटलं, नाही, विसरला असणार, इतकी वर्षं झाली. मग त्याने मारली.

तिसऱ्या मजल्यावर नुकतीच परत येऊन बसलेली कबुतरं सगळीच्या सगळी पुन्हा उडाली. चौथ्या मजल्यावर खिडकी उघडली आणि भाटियाजींनी ओल्या कपड्यांच्या मागून डोकं बाहेर काढलं.

“अब क्या जल रहा है, भाई साहब?”

“कुछ नहीं,” राजाभाऊ खालून ओरडले. छाती पुढे काढून, दोन्ही हात कमरेवर ठेवून. “हमारा लड़का है.”